गाठीतलं प्रथिन काय सांगतं, काय सांगत नाही

शेलारमध्ये बचत गटाच्या बैठकीत आरोग्यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा एक प्रश्न आला. घरातल्या माणसाची एक किडनी कर्करोगामुळे काढली. आता कुणी सांगतं, गाठीतली प्रथिनं तपासली की आजार परत येणार का ते कळतं. तपासणी महाग आहे. तिच्यासाठी गटातून कर्ज उचलावं का? प्रश्न पैशाचा आहे आणि जिवाचाही, म्हणून आज तो नीट समजून घेऊ.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण शरीरातली प्रत्येक पेशी स्वतःसाठी हजारो प्रकारची प्रथिनं बनवते. यंत्रमागाच्या कारखान्यात कुणी कांडी भरतं, कुणी माग चालवतं, कुणी कापडाची घडी घालतं. तशीच प्रथिनांचीही कामं वाटलेली असतात. काही पेशीला वाढायला सांगतात, काही थांबायला. कर्करोगात ही वाटणी बिघडते. कुठलं प्रथिन हरवलं, कुठलं वाढलं, हे पाहून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधतात.

मूत्रपिंडाच्या कर्करोगात सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात व्हीएचएल नावाचं प्रथिन बहुतेक वेळा निकामी झालेलं असतं. त्याचं काम मुकादमाचं. पेशीला प्राणवायू पुरेसा मिळत असेल, तर नव्या रक्तवाहिन्या मागवणारा निरोप ते थांबवतं. मुकादमच नसला की निरोप जातच राहतो, गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ती पोसली जाते. पेशी प्राणवायू कसा ओळखते, या शोधासाठी 2019 साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. रक्तवाहिन्यांचा हा निरोप अडवणारी औषधं आज वापरात आहेत.

अंदाजासाठी अभ्यासलेली प्रथिनं आणखीही आहेत. बीएपी-1 हे प्रथिन गाठीतून नाहीसं झालेलं असेल, तर आजार जास्त आक्रमक असण्याची शक्यता वाढते. केआय-67 जास्त दिसलं, तर पेशी वेगाने वाढत आहेत असं समजतात. रक्तातलं सीआरपी वाढलेलं असणं हीही काळजीची खूण, पण ते साध्या तापातसुद्धा वाढतं. एक प्रथिन तर तुमच्या रोजच्या ओळखीचं आहे, ते म्हणजे हिमोग्लोबिन. आजार शरीरात इतरत्र पसरला असेल, तर डॉक्टर सहा गोष्टी पाहून रुग्णाचा गट ठरवतात. त्यात एक हिमोग्लोबिन असतं. ही तपासणी महाग नाही.

आता मुख्य मुद्दा. या खुणा शंभर रुग्णांची सरासरी सांगतात, एका माणसाचं भविष्य सांगत नाहीत. ठाणे जिल्ह्यात चांगला पाऊस होईल असा अंदाज आला, तरी आपल्या शेतात किती पडेल ते त्यावरून कळत नाही. तसंच हे. गाठ काढल्यानंतर डॉक्टर आजही मुख्यतः गाठीचा आकार, ती किडनीच्या बाहेर किंवा शिरेत गेली आहे का आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात, यावरच निर्णय घेतात. एकट्या प्रथिनावर पुढचा उपचार ठरवण्याची पद्धत अजून रूढ झालेली नाही. म्हणून कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसा पुढच्या फेऱ्यांसाठी आणि औषधांसाठी राखून ठेवा.

काही वेळा प्रकार नक्की करण्यासाठी गाठीच्या कापांना रंग लावून प्रथिनं पाहावी लागतात. ती तपासणी वेगळी आणि गरजेची. त्यासाठी गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात जपलेले असतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं झालं, तर रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्याही न्याव्या लागतात. ऑपरेशन झालेल्या ठिकाणाहून त्या मागून घ्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

ऑपरेशननंतर माणूस ठणठणीत दिसतो, म्हणून तपासणी चुकवू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करायचाच. उरलेली किडनी जपायची. रक्तदाब आटोक्यात ठेवायचा, तंबाखू-विडी सोडायची, दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वतःसाठी. लघवीतून रक्त गेलं की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, नाहीतर पाळीचं असेल म्हणून गप्प बसतो. दुखत नाही, एकदाच झालं, म्हणून सोडून देतो. कारण बरेचदा साधंच निघतं, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दाखवा. गाठ लहान असताना, किडनीतच असताना सापडली, तर बरं होण्याची संधी सर्वांत मोठी असते. पुढच्या बैठकीत हे दहा जणींना सांगा.