वेष्टनावरील अक्षरे आणि आतील माल

धान्याच्या व्यापारात आमची चाळीस वर्षे गेली. पोत्याच्या तळाचा मूठभर नमुना तळहातावर घेऊन पाहिल्यावाचून आम्ही कधी सौदा केला नाही. परंतु मधुमेह जडल्यावर घरी 'शुगर-फ्री' बिस्किटे आली, तेव्हा ही सवय आम्ही खुशाल विसरलो आणि चहाबरोबर सहा-सहा बिस्किटे खाऊ लागलो. रक्तातील साखर चढली तेव्हा डॉक्टरांनी पुडा उलटा करून आमच्यापुढे धरला. घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे होते! जन्मभर मैदा विकणाऱ्याने तेवढे वाचू नये, याची आम्हांस लाज वाटली.

वेष्टनावरील विधान पुष्कळदा खोटे नसते, अपुरे असते. १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नसली म्हणजे 'शुगर-फ्री' म्हणता येते. पण मैद्यातील पिष्टाचे पोटात ग्लुकोजच होते. 'साखर घातलेली नाही' म्हणजे साखर नाहीच असे नव्हे. खजुराची स्वतःची साखर खजुरात राहतेच. खाद्यतेल 'कोलेस्टेरॉलमुक्त' असल्याचे मोठ्या अक्षरांत छापतात. वास्तविक कोलेस्टेरॉल हा प्राणिज पदार्थांचा घटक. वनस्पतिजन्य तेलात तो नगण्यच. १०० ग्रॅम तेलात सुमारे ९०० किलोकॅलरी असतात, हे मात्र पाठीमागे बारीक अक्षरांत सापडते. 'मल्टिग्रेन' पिठावर अनेक धान्यांची चित्रे असतात. आत बहुतांश गहूच असू शकतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणून यादीतील पहिली तीन नावे अवश्य वाचावीत.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आरोग्यविषयक दाव्यांचे नियम २०१८ साली झाले. एप्रिल २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांस माल्टयुक्त पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढावयास सांगितले. कायद्यात तशी व्याख्याच नाही. जूनमध्ये फळांच्या रसावरील '१०० टक्के' हा दावाही काढण्याचा आदेश निघाला.

तथापि गिऱ्हाईक कायदा वाचून येत नाही. ते गादीसमोर उभे राहून विचारते, "शेटजी, हे मधुमेहास चालेल ना?" अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच प्रतिरूपक व्यवहारही सांगितला आहे. वजन पुरे देऊन समजूत खोटी दिली, तर तो सौदा शुद्ध कसा म्हणावा? हल्ली आम्ही उत्तर देण्यापूर्वी पुडा उलटा करतो आणि चष्मा लावतो. सभासद बंधूंनी व घरच्या भगिनींनीही तसे करावे, इतकीच विनंती.