अठरा पूर्ण झाल्यावर

सकाळी 6. कारधा गावातल्या बाबूच्या घरी पोचते तेव्हा तो शर्ट घालत असतो. सेरेब्रल पाल्सीमुळे उजवा हात साथ देत नाही. डाव्या हाताने बटण काजात जाता जात नाही. दारात उभ्या आईचे हात शिवशिवतात. "मॅडम, देऊ का लावून?" मी नको म्हणते. बटण काजाच्या कडेला अडतं, निसटतं, तो अंगठ्याने पुन्हा रेटतो. कॉलर थोडी वाकडी राहते. राहू दे.

शाळेत असेपर्यंत विशेष शिक्षक घरी येतात, फॉर्म कुणीतरी भरून देतं. दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क 18 वर्षांपर्यंतच. पुढे कॉलेज, बँक, नोकरी, आणि नेमकी तिथेच सोबत सुटते. त्यानंतरचं काम मी करते.

8:30. एसटीत वाहक मला विचारतो, "याला कुठं जायचं?" मी गप्प. बाबू यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पुढे करतो. "भं-डा-रा." शब्द पुरा व्हायला वेळ लागतो; तेवढं थांबायला काय हरकत आहे? 75 टक्के सवलतीचं तिकीट त्याच्या हातात येतं. गाडी वैनगंगेचा पूल ओलांडते.

10:30. कॉलेजात परीक्षेला उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकासाठी अर्ज द्यायचा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखल्या. पण प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षा देता आली असं नाही. केंद्राच्या सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे बाबूला तोंडपाठ आहे. लिपिक माझ्याकडे बघून बोलतात, मी बाबूकडे बघते. मग तेही त्याच्याकडे बघतात.

1 वाजता डबा. खाता खाता मनात येतं, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात 2003पासून दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र आहे. अमेरिकेत तर दिव्यांग मूल 16 वर्षांचं होईपर्यंत शाळेनंतरच्या आयुष्याची योजना लेखी तयार ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. झेवियर्ससारखं एक केंद्र नागपूर विद्यापीठाच्या प्रत्येक जिल्ह्यात हवं. कारध्याच्या पोराने त्यासाठी मुंबई का गाठावी?

3 वाजता बँक. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली एक मुलगी, 18 पूर्ण, सोबत वडील. आता वडिलांची सही आपोआप चालत नाही, हे त्यांना आज कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पण त्याआधी मी तिलाच स्लिप देते. ती नाव लिहिते, रक्कम सांगते. थोडी मदत असली की तिला जमतं. मग पालकत्वाची घाई कशाला? मुलीचे सगळे निर्णय दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तिला काय जमतं ते नीट पाहिलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

संध्याकाळी 7. कारध्यात परत. अंगणात चार-पाच आईबाप बसतात. एक आई विचारते, "आमची आता नववीत आहे. कधीपासून सुरू करावं?"

आजपासून. दिव्यांगत्वाच्या दाखल्याची मुदत तपासा, यूडीआयडी काढून घ्या, बँकेत तिच्या नावाचं खातं उघडा आणि पैसे भरायला तिलाच खिडकीवर पाठवा. आणि कॉलेजांनो, प्रश्न सोबतच्या माणसाला नको, विद्यार्थ्याला विचारा.