विश्लेषण : म्यानमारमधील सशस्त्र लढा मोबाइलवर कसा उभा राहिला?

सत्ता हाती घेताना म्यानमारच्या लष्कराने पहाटेच फोन आणि इंटरनेट तोडले. तरीही काही महिन्यांत गावोगावी नागरिकांच्या सशस्त्र तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांना जोडले मोबाइलने. मात्र, हाच मोबाइल अनेकांच्या जिवावरही उठला.

सुरुवात कशी झाली?

२०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या, सिमकार्ड स्वस्त झाले आणि फेसबुक घरोघरी पोहोचले. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर निदर्शनांची हाक तिथूनच गेली. ४ फेब्रुवारीला फेसबुकवर बंदी आली. लोक व्हीपीएन, सिग्नल आणि टेलिग्रामकडे वळले. निदर्शकांवर गोळीबार होऊ लागला. अखेर ५ मे रोजी समांतर ‘राष्ट्रीय एकता सरकार’ने ‘पीपल्स डिफेन्स फोर्स’ची घोषणा केली.

पैसा कसा उभा राहतो?

ऑनलाइन सोडत, रोखे आणि डिजिटल पाकीट यांतून. परदेशातील म्यानमारी नागरिक फोनवरून मदत पाठवतात. पैसे नसलेल्यांसाठीही मार्ग निघाला : मोबाइल गेम खेळा, जाहिराती पाहा, उत्पन्न लढ्याला.

हवाई हल्ल्याचा इशारा कसा मिळतो?

बंडखोरांकडे लढाऊ विमाने नाहीत. लष्करी तळावरून विमान उडाले की पाळतीवरचे लोक टेलिग्रामवर कळवतात. नेट नसेल तिथे वॉकीटॉकी चालतो. गावकऱ्यांना खंदकात उतरण्यासाठी काही मिनिटे मिळतात. इशारा नेहमीच वेळेत पोहोचतो असे नाही. ११ एप्रिल २०२३ रोजी सगाईंग प्रांतातील पाझिजी गावावरील हल्ल्यात दीडशेहून अधिक लोक मारले गेले.

लष्कराचे उत्तर काय?

बंडखोरांचा जोर असलेल्या भागांत नेट बंद. नाक्यांवर फोनची झडती. लष्करसमर्थक टेलिग्राम चॅनेल विरोधकांची नावे, फोटो आणि पत्ते जाहीर करतात. त्यानंतर अटका होतात. जानेवारी २०२५ मधील सायबर कायद्याने विनापरवाना व्हीपीएन सेवा देणे गुन्हा ठरवले.

मग संपर्क कसा टिकतो?

अनेक ठिकाणी स्टारलिंकच्या उपग्रह इंटरनेटवर. पण नाका ओलांडणाऱ्या सामान्य माणसाला उपग्रहाचा उपयोग नाही. घराबाहेर पडण्यापूर्वी तो फोनमधील व्हीपीएन, चॅट आणि फोटो पुसतो. एखादा राहून गेला, तर तुरुंगवासही होऊ शकतो.