जुन्या ॲम्प्लिफायरची महाधमनी

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात प्रत्यक्ष उतरलेल्या सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुढील वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतील रेकॉर्ड व ॲम्प्लिफायर आजही काही मराठी घरांत जपलेले आढळतात. मात्र गाण्यामागे अखंड घरघर ऐकू येऊ लागली की यंत्र मोडीत निघते. वस्तुतः विकार अनेकदा एकाच अवयवाचा असतो. तो म्हणजे वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर.

त्याचे कार्य डॉक्टरांस चटकन उमगेल. हृदयाच्या आकुंचनकाळी महाधमनी ताणली जाऊन रक्त साठवते व प्रसरणकाळी ते पुढे ढकलते, हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये गणिताने मांडले. रेक्टिफायरकडून सेकंदाला १०० ठोके येतात. त्यांमधील खंड कपॅसिटर असाच भरून काढतो. धमनी कठीण झाली की नाडीदाब वाढतो. कपॅसिटरमधील द्रव सुकला की विजेतील तरंग वाढतो आणि घरघर सुरू होते.

नवा कपॅसिटर निवडताना पहिला निकष व्होल्टेजचा. ते मूळ अंकाहून कमी कधीही नसावे. ५० ऐवजी ६३ व्होल्ट खुशाल चालतात. दुसरा निकष धारकतेचा. १ अँपिअर भारास ४७०० मायक्रोफॅरडवर सुमारे २ व्होल्ट तरंग उरतो. धारकता दुप्पट केल्यास तो निम्मा होतो. परंतु म्हणून अतिरेक करू नये. धारकता फार वाढवल्यास प्रत्येक ठोक्याचा प्रवाह तीव्र होऊन रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मर तापतात. ‘ईझेड ८१’ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला तर ५० मायक्रोफॅरडचीच मर्यादा आहे. ४००० च्या जागी ४७०० घालण्यास हरकत नाही, तिप्पट नको. तिसरा निकष उष्णतेचा. १०५ अंशांचा भाग घ्यावा, कारण तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला कोरा भाग मात्र टाळावा; तोही वयस्करच असतो.

सावधगिरी अत्यावश्यक आहे. ४०० व्होल्टवरील १०० मायक्रोफॅरडमध्ये ८ ज्यूल ऊर्जा असते आणि यंत्र बंद केल्यावरही ती टिकून राहू शकते. डिफिब्रिलेटरचा धक्काही कपॅसिटरमधूनच येतो, हे विसरू नये. म्हणून रोधकातून भार उतरवून मीटरने खात्री करावी. धन-ऋण टोके उलटी जोडल्यास कपॅसिटर फुटतो. दीर्घकाळ बंद असलेले यंत्र प्रथम बल्ब एकसरीत जोडूनच सुरू करावे. हे सारे काम जाणकार तंत्रज्ञाकडून करून घेणे श्रेयस्कर.

अर्थात उपचाराआधी निदान हवेच. घरघर १०० ऐवजी ५० हर्ट्झची असेल, तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये वा जोडतारेत असतो. तेथे कपॅसिटर बदलून काहीच साधत नाही. योग्य निदान झाले, तर थोडक्या खर्चात वडीलधाऱ्यांचा हा ठेवा पुन्हा निर्मळ स्वरात गाऊ लागतो.