दोन संवेदकांची साक्ष
मोटारीचे पेडल आणि इंजिनात जाणारी हवा रोखणारी झडप यांना पूर्वी पोलादी तार जोडीत असे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये हे कार्य विद्युत्संकेत करतात. पेडलापाशी दोन व झडपेपाशी दोन संवेदक असतात. संगणक प्रत्येक जोडीची साक्ष ताडून पाहतो. विसंगती आढळताच तो इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. कारण अनावर वेगापेक्षा मंद गती बरी. ‘पी २१३५’ हा दोषांक झडपेच्या संवेदकांतील विसंगती दर्शवितो. तिचे कारण मात्र तपासूनच काढावे लागते. प्रथम जोडण्या, तारा आणि संवेदकांना मिळणारा, बहुधा ५ व्होल्टचा, दाब पाहावा. घाईने झडपच बदलल्यास मालकाचा पैसा जातो आणि तारेतील दोष तसाच राहून गाडी पुन्हा भर रस्त्यात अडते.