बँकेची पाटी बदलली, म्हणजे काय झाले?



मे २०२५ मध्ये शहापूरजवळच्या एका टोलीवर बचत गटाची बैठक होती. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. एका गोंड बहिणीने पासबुक माझ्यापुढे धरून विचारले, “ताई, बँकेचं नाव बदललं म्हणते. आपली बँक बुडाली काय?” तिच्या वर्षभराच्या मजुरीतली शिल्लक त्या खात्यात होती. बुडाली नाही, हे मी तिला लगेच सांगितले. पण नेमके काय झाले, हे आपण मदत करणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवे.

ग्रामीण बँका १९७५ साली सुरू झाल्या. सावकाराच्या दारी जाणाऱ्या लहान शेतकऱ्याला व मजुराला कर्ज मिळावे, हा हेतू होता. त्यांत केंद्र सरकारचा ५० टक्के, राज्य सरकारचा १५ टक्के आणि प्रायोजक बँकेचा ३५ टक्के वाटा असतो. एके काळी देशात अशा १९६ बँका होत्या. एखादी बँक दोन-तीन जिल्ह्यांपुरतीच असे. तिथे पीक बुडाले की कर्जे थकत आणि बँकच अडचणीत येई. शिवाय प्रत्येकीचे मुख्यालय, संगणक, हिशेब तपासणी हा सगळा खर्च वेगळा.

म्हणून बँका एकत्र करणे सुरू झाले. आपल्या भागाची विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०१३ मध्ये अशाच विलीनीकरणातून झाली होती. १ मे २०२५ रोजी ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणाने ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली. त्या दिवशी देशातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. खाती, ठेवी, कर्जे आणि कर्मचारी सगळे नव्या बँकेकडे गेले. खातेदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, ते कायम आहे.

रिझर्व्ह बँकेचे नियमही बँकेला शिस्त लावतात. बँक ऑफ महाराष्ट्र ही आज या ग्रामीण बँकेची प्रायोजक. थकीत कर्जे फार वाढल्यामुळे जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले होते. सरकारने भांडवल दिले, कारभार सुधारला आणि जानेवारी २०१९ अखेर ते निर्बंध उठले. असा लगाम वेळेवर लागला, तर ठेवीदाराचे नुकसान टळते.

मात्र कार्यक्षमता मोजायची कशी? मुख्यालयात खर्च किती वाचला, एका कर्मचाऱ्यामागे व्यवहार किती झाला, हे पाहतात. आमच्या टोलीवर हिशेब वेगळा आहे. एका वृद्ध आईसोबत मी एका बँकेत तीनदा गेले. केवायसी जुनी म्हणून खाते थांबले होते. तिच्या तीन दिवसांच्या मजुरीचे आणि येण्याजाण्याच्या भाड्याचे पैसे कोणत्याच ताळेबंदात दिसत नाहीत. मोठ्या बँकेने वाचवलेला खर्च अशा खातेदारापर्यंत पोहोचला, तरच विलीनीकरणाचा उपयोग झाला असे मी म्हणेन.

आपण काय करू शकतो? नियम गरिबाच्या बाजूनेही आहेत, ते माहीत असावेत. मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक लागत नाही. माहितीत बदल नसेल, तर केवायसीसाठी खातेदाराचे स्वतःचे घोषणापत्र पुरते. दोन वर्षे व्यवहार न झाल्याने बंद पडलेले खाते पुन्हा सुरू करायला शुल्क नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मंडळीतल्या शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एक दिवस टोलीवर बसून पासबुके तपासावीत, आयएफएससी क्रमांक व आधार जोडणी पाहावी. निवृत्त बँक कर्मचारी आपल्यात असतील, तर त्यांची फार गरज आहे. त्या बहिणीने मागच्या बैठकीत दुसऱ्या दोघींना स्वतःच समजावून सांगितले, “बँक बुडाली नाही, पाटी बदलली.”