प्रयोगशाळेचं दार उघडतं तेव्हा...

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी सर सी. व्ही. रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध जाहीर केला. १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. आपल्याकडे शाळेत त्या दिवशी भाषणं होतात, फलकावर रामन यांचं चित्र काढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं!

पण मैत्रिणींनो, याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. एरवी ओळखपत्राशिवाय आत पाऊल टाकता येत नाही अशा संशोधन संस्था विद्यार्थ्यांना घरी बोलावल्यासारखं बोलावतात. पुण्यात वनस्पती आणि पिकांवर काम करणारी आघारकर संशोधन संस्था आहे, पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस आहे. हैदराबादला सीसीएमबी ही जीवशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. ती ज्या सीएसआयआर परिवारातली, त्याची स्थापना २६ सप्टेंबर १९४२ ची. म्हणून तिथला खुला दिवस सप्टेंबरच्या अखेरीस असतो. नांदेडकरांना तर पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ!

तिथं बघायचं काय? अगदी साधं उदाहरण घ्या. जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं आपण हाताने हाकलतो. शास्त्रज्ञ तीच काचेच्या बाटल्यांत मुद्दाम वाढवतात. दहा-बारा दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते, त्यामुळे आईबापांकडून पिल्लांकडे काय काय जातं ते झटपट कळतं. माणसाच्या कितीतरी आजारांशी संबंधित जनुकं या इवल्याशा जिवातही सापडतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या चिलटाचे लालभडक डोळे बघणं वेगळं.

आपल्या तालुक्याच्या गावी विज्ञान शिकणं म्हणजे बऱ्याचदा मैत्रिणीचं जर्नल उतरवून काढणं. बारावी झाली तरी कित्येक मुलींनी सूक्ष्मदर्शकाला हात लावलेला नसतो. मग घरात एकच हिशेब होतो, "मेडिकलला नंबर लागला तर ठीक, नाहीतर सायन्स घेऊन करायचंय काय?" मुलीलाही उत्तर सुचत नाही. सुचणार कसं? संशोधन करून पोट भरणारी बाई तिने कधी पाहिलेलीच नसते.

अशी एक बाई आपलीच होती, कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथले संचालक होते खुद्द सर रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला! कमलाबाई हटल्या नाहीत. कारण विचारायला थेट बंगलोरला जाऊन धडकल्या. अखेर पहिलं वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींसाठीही ते दार उघडलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या.

त्यांच्या संशोधनाचे विषय बघा. दूध, डाळी, नीरा! आपल्या स्वयंपाकघरातलेच. नीरेच्या पोषणमूल्यावरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. पुढे ग्राहक चळवळीत पडून अन्नातल्या भेसळीबद्दल त्यांनी सामान्य गृहिणींसाठी लिहिलं. ज्या बाईला प्रयोगशाळेत येऊ देत नव्हते, तिने प्रयोगशाळाच आपल्या ओट्यावर आणून ठेवली.

तेव्हा आपणही ओट्यापासून सुरुवात करू या. पिकलेल्या केळ्याचा तुकडा अर्धी वाटी पाण्यात चांगला कुस्करा. त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला. फेस न करता हलक्या हाताने ढवळा आणि पातळ फडक्यातून काचेच्या ग्लासात गाळून घ्या. आता औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट थंडगार करून ग्लासच्या कडेने अलगद सोडा. (गॅस बंद हवा, स्पिरिट पटकन पेट घेतं. आणि हे मिश्रण चाखायचं नाही!) पाच-दहा मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरट, चिकट तंतू तरंगताना दिसतील. तोच केळ्याचा डीएनए. साबण जसा तेलकट कढईचा ओशटपणा काढतो, तसाच तो पेशीचं स्निग्ध आवरण फोडतो. मिठामुळे डीएनए एकत्र गोळा होतो आणि स्पिरिटमध्ये विरघळत नसल्याने वेगळा होऊन दिसतो.

हे झालं की शाळेत जा. विज्ञानाच्या बाईंना सांगा, दोन महिने आधी संस्थेला पत्र लिहा, मुलांना आणायचंय म्हणून. काही ठिकाणी आधी नोंदणी लागते, ती चौकशीही तेव्हाच करा. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमध्ये शाळकरी मुलांसाठी २०१७ पासून 'जिज्ञासा' हा उपक्रमही आहे.

आणि पालकांना प्रवेश असेल तर तुम्हीही जा बरं का! पोरांचे डबे आणि चपला सांभाळत बाहेर झाडाखाली बसू नका. आत एखादी पांढरा कोट घातलेली मुलगी काचेच्या नळ्या दाखवत उभी असेल. तिला नि:संकोच विचारा, "तू कुठल्या गावची गं? बारावीनंतर काय केलंस? घरचे काय म्हणाले?" तिची उत्तरं तुमची लेक कान देऊन ऐकेल. पुढच्या वर्षी घरात सायन्सचा विषय निघाला, तर तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल.